रूप बदलणारा जादूगार: नुसती हौस की खरंच कामाचा?

अर्धवट_जादूगार

नमस्कार मंडळी. २००९ चा ड्रॅगन एज ओरिजिन्स हा व्हिडिओ गेम मी आत्ता खेळायला घेतलाय, हसू नका, उशिरा का होईना घेतला ना. पात्र जादूगाराचं आहे (मेज मेज लिहिलं की मला डोळ्यासमोर टेबल येतं म्हणून जादूगारच लिहितो) आणि आता सातवी लेव्हल आली म्हणजे पहिली स्पेशलायझेशन (पात्राची खास शाखा) निवडायचीय. समोर चार पर्याय, आर्केन वॉरियर, ब्लड मेज, स्पिरिट हीलर आणि शेपशिफ्टर.

मला मनापासून शेपशिफ्टर घ्यायचाय. गोष्टींमध्ये मला कायम रूप पालटणारी पात्रंच आवडत आलीत, मारीच शेवटी मेला बिचारा पण हरीण काय झालं होतं! पण जिथे वाचावं तिथे लोक सांगतायत की ह्या गेममधली सगळ्यात टाकाऊ स्पेशलायझेशन हीच, घेऊ नकोस, पॉईंट वाया जातील. कोणी का ते नीट सांगत नाही, नुसतं "वीक आहे" म्हणून मोकळे.

दुसरं असं की आमचा ग्रुप महिन्याभरात डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) फिफ्थ एडिशन सुरू करतोय आणि तिथेही डोक्यात हेच खूळ आहे, ड्रुइड (प्राण्यांची रूपं घेणारा निसर्गातला जादूगार) घेऊ का विझार्ड (पुस्तकी जादूगार) घेऊन पॉलिमॉर्फ हा रूप बदलायचा मंत्र शिकू. मग माझा मूळ प्रश्न असा की रूप बदलणं हे प्रकरण खेळायला खरंच उपयोगी असतं का नुसतं दिसायला भारी? आणि कृपया फक्त डॅमेजचे आकडे फेकू नका, खेळताना कसं वाटतं तेही सांगा.

---

खवीस_फुल्ल_माना

घेऊ नकोस. आणि का ते सांगतो, म्हणजे परत कोणी सांगत नाही म्हणायला नको.

ओरिजिन्समध्ये एका लेव्हलला एक स्पेल (मंत्र) मिळतो, तोच एक पॉईंट. शेपशिफ्टरची ओळ चार पॉईंट खाते, कोळी, अस्वल, किड्यांचा थवा आणि शेवटी मास्टर शेपशिफ्टर. आता ह्याच चार पॉईंटमध्ये थंडीची अख्खी ओळ येते, तिसऱ्यालाच कोन ऑफ कोल्ड हातात पडतो आणि एका फुंकरीत समोरचे सगळे गोठून उभे. त्यांचा चक्काचूर करायला फायटर आहेतच. आता तुलना कर. एकीकडे तू पाच शत्रू जागच्या जागी थिजवतोयस आणि दुसरीकडे तू स्वतः अस्वल होऊन एकाला पंजे मारतोयस. तेही कधी, तर आधी रूप बदलण्यात वेळ घालवून.

पण खरं दुखणं डॅमेजचं नाहीचे. रूप बदललं की स्पेल बंद. म्हणजे जादूगार म्हणून तुझ्याकडे जे जे होतं, गोठवणं, झोपवणं, आग, वीज, सगळं खुंटीला टांगलं आणि तू झालास दुय्यम दर्जाचा फायटर. पार्टीत चारच जण असतात रे, त्यातला एक खरा फायटर आधीच आहे, मग जादूगाराची जागा रिकामी करून आणखी एक लुटुपुटूचा फायटर कशाला उभा करायचा? नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात तसलं आहे हे.

आणि मॉरिगन (गेममधलीच सोबतीण जादूगार) पार्टीत असेल तर तिला ही स्पेशलायझेशन मुळातच असते. हौस असेल तर तिच्यावर भागव, तू आर्केन वॉरियर घे. त्यात तलवार चिलखत पेलायला ताकद नाही लागत, मॅजिक हाच आकडा धरतात. अंगात लोखंड आणि वर स्पेल चालूच.

---

मांजरपाऊल

खवीस भाऊ नेहमीसारखे अर्धच सांगून गेले 😄

कोळी आणि अस्वलाबद्दल त्यांचं म्हणणं मान्य, मीही ती दोन रूपं पुढच्या रूपाकडे जाण्याची पायरी म्हणूनच घेतली होती. पण थवा? थव्याबद्दल बोला की. फ्लाइंग स्वॉर्म झालात की तुम्हाला बसणारा मार एचपीतून (जीव मोजायचे पॉईंट) जात नाही, मानामधून (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) जातो. जादूगाराकडे सगळ्यात जास्त काय असतं? माना! आणि साधे बाण तर लागतच नाहीत, तलवारीचे वारही बहुतेक हुकतात. म्हणजे जो गडी एरवी दोन फटक्यांत आडवा होतो तो शत्रूंच्या मधोमध भणभणत उभा राहतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांना आपोआप चावे बसत राहतात. मास्टर शेपशिफ्टर घेतलं की हाच थवा शत्रूंचं रक्त शोषून तुम्हाला एचपी परत देतो.

तोटेही सांगते, लपवत नाही. थवा असेपर्यंत माना भरत नाही, आणि आग लागली की संपलं. माझ्याच पार्टीतल्या जादूगाराने फायरबॉल टाकलेला आणि मी त्यात, टॅक्टिक्समधून (सोबत्यांनी आपोआप काय करायचं ती यादी) तो काढायला विसरले होते. स्क्रीनवर किड्यांच्या जागी एकदम माझं पात्र जमिनीवर उताणं. तेव्हा कितीतरी वेळ कळलंच नाही की मेले कशाने.

तर मी म्हणेन की सगळ्या गेममध्ये हाच जपून ठेवण्यासारखा तुकडा आहे, बाकी तीन पॉईंट ही त्याची किंमत. महाग आहे का? आहे. पण हार्ड डिफिकल्टी नसेल तर गेम काय कुठल्याही बिल्डने संपतो, मग हौस का मारायची?

---

खवीस_फुल्ल_माना

ताई, एका कामाच्या रूपासाठी चार पॉईंट आणि स्वतःच्या फायरबॉलची भीती, ह्याला मी जपून ठेवण्यासारखं नाही म्हणणार 🙏 बाकी तो थवा मानावर जगतो हे मी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

---

डीएम_काका

ओरिजिन्स मी खेळलोय पण त्यावर दोघांनी सांगितलंय त्यापेक्षा जास्त काही माझ्याकडे नाही. टेबलावरचं सांगतो कारण डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून ह्या रूपबदलूंनी माझ्या डोक्याचं दही बरंच केलंय.

पहिलं ड्रुइडचं. २०१४ च्या नियमात दुसऱ्या लेव्हलला वाइल्ड शेप (प्राणी व्हायची ताकद) मिळतो, एका शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) दोनदा. साध्या ड्रुइडला तेव्हा सीआर (चॅलेंज रेटिंग, प्राणी किती भारी त्याचा आकडा) पावपर्यंतचे प्राणी म्हणजे लांडगा वगैरे, पण सर्कल ऑफ द मून ही ड्रुइडची शाखा घेतली की थेट सीआर एक, म्हणजे ब्राउन बेअर. आता हिशोब बघ (तू आकडे नको म्हणालास पण हा एक बघच). कॉन्स्टिट्यूशन (अंगातला काटकपणा) १४ धरलं तर दुसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडचे एचपी १७, फायटरचे २०. अस्वलाचे ३४. आणि अस्वल मेलं की ड्रुइड मरत नाही, आपल्या मूळ रूपात परत येतो, फक्त वरचं उरलेलं डॅमेज त्याला लागतं. म्हणजे अस्वलाचे पाच उरलेत आणि बारा बसले तर सात ड्रुइडला. दोन अस्वलं आणि वर स्वतःचे १७ मिळून झाले ८५. फायटरवाला पोरगा बिचारा २० घेऊन बसलाय आणि शेजारी हा अस्वलावर अस्वल काढतोय. त्या लेव्हलला मून ड्रुइड हा निव्वळ अन्याय आहे, मी स्पष्ट बोलतो.

पण हे टिकत नाही. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा वार मिळतो, राक्षस मोठे होतात, अस्वलाचा एसी (आर्मर क्लास, वार लागायला किती कठीण) मात्र ११ च्या ११, आंधळ्यानेही मारावं असा. सहाव्याला सीआर दोनपर्यंत जाता येतं पण तोवर सोबतचे पुढे निघून गेलेले असतात. आणि खवीसने ओरिजिन्सबद्दल सांगितलं तेच इथेही आहे, जनावर असताना स्पेल टाकता येत नाहीत, ती सोय थेट अठराव्या लेव्हलला. तिथपर्यंत कुठली कॅम्पेन पोचते सांगा मला.

पण एक फट आहे आणि हुशार पोरं तिथूनच घुसतात. नवा स्पेल टाकता येत नसला तरी आधी टाकलेल्यावरचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारं लक्ष) तुटत नाही. नियमात उदाहरणच कॉल लायटनिंग ह्या वीज पाडायच्या स्पेलचं दिलंय. म्हणजे पाचव्या लेव्हलचा ड्रुइड उघड्यावर आधी ढग बोलावतो, पुढच्या टर्नला उंदीर होऊन झुडपात शिरतो आणि तिथे बसून दर टर्नला एकेक वीज पाडतो. माझ्या टेबलावर हे झालंय. सहा दरोडेखोर वेड्यासारखे जादूगार शोधतायत आणि जादूगार करवंदाएवढा, पानाखाली मिशा हलवतोय. ह्याचं डॅमेज अस्वल झाला असता त्याहून फार वेगळं नसेल पण तो प्रसंग आमच्यातलं कोणी विसरलेलं नाही.

आणि ह्याच उंदराची दुसरी बाजू. तोच खेळाडू पुढे एका कोठडीची किल्ली आणायला उंदीर होऊन दाराखालच्या फटीतून आत गेला, पहारेकऱ्याच्या पट्ट्यावरून किल्ली दातात धरून काढली, फासेही सुंदर पडले, आणि फटीपाशी आला तर मी विचारलं की उंदीर फटीतून जाईल रे पण किल्ली? टेबलावर शांतता. हातभर लांब लोखंडी किल्ली होती, सुरुवातीलाच वर्णन केलेलं. शेवटी आतच माणूस झाला आणि पहारेकऱ्याला म्हणाला "वाट चुकलो". 

माझं मत असं की रूप बदलण्याचा खरा फायदा मारामारीत शोधूच नये. मारामारीत ते एचपीचं पांघरूण आहे, बस. बाहेर मात्र त्याला तोड नाही.

---

फासेफेकी

काका मुद्दा पटला पण जुन्या लोकांना आठवत असेल, डी अँड डीच्या साडेतीन एडिशनमध्ये नॅचरल स्पेल नावाचा फीट (निवडून घ्यायचं जादा कौशल्य) होता. पाचव्या लेव्हलला वाइल्ड शेप आणि सहाव्याला हा फीट, की जनावराच्या रूपात खुशाल स्पेल टाका. तेवढ्या एका फीटमुळे ड्रुइड त्या अख्ख्या एडिशनमधल्या सगळ्यात तगड्या क्लासमध्ये गेला, सहाव्या लेव्हलला दुसरा कुठला फीट घेणारा ड्रुइड मी तरी पाहिला नाही. 

म्हणजे बघा, अस्वल तेच, जादूगार तोच. फक्त "अस्वल असताना तू जादूगार राहतोस का" ह्या एका प्रश्नाचं उत्तर हो झालं आणि टाकाऊ गोष्ट राजा झाली. त्यामुळे कुठलाही गेम असो, मी आधी एवढंच बघतो. 

डिव्हिनिटी ओरिजिनल सिन टू मध्ये (२०१७) म्हणून पॉलिमॉर्फ इतकं मस्त वाटतं. तिथे तुम्ही पूर्ण बदलतच नाही, डोक्याला शिंगं फुटतात, पाठीला पंख येतात, हाताचं ऑक्टोपससारखं टेंटॅकल होतं, बाकी सगळे स्किल चालू. आणि शत्रूला कोंबडी करायचं. फिजिकल आर्मर उतरवलं की चिकन क्लॉ, मग तो दोन हातांची कुऱ्हाड घेतलेला सहा फुटी गडी फडफडत सैरावैरा पळतो. मी ह्या एका स्किलसाठी दोनदा गेम संपवलाय.

---

मांजरपाऊल

कोंबडी 😂😂 हो!!

बाल्डर्स गेट थ्री मध्ये पण मी ड्रुइडच खेळले, तिथे मांजर होऊन भिंतीतल्या भोकातून आत शिरणं ह्यातच माझे तासन् तास गेले (नाव बघा माझं). आणि प्राण्याच्या रूपात असताना बाकी प्राण्यांशी बोलता येतं, त्यामुळे प्रत्येक कुत्र्याशी, प्रत्येक बैलाशी गप्पा. मारामारीसाठी सहाव्या लेव्हलला आऊलबेअर, उंचावरून शत्रूच्या डोक्यावर उडी घ्यायची. बाकी गणित मी केलंच नाही.

---

अर्धवट_जादूगार

अरे वा, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

फासेफेकी यांनी सांगितलेलं एकदम डोक्यात बसलं. मी उगाच कुठलं रूप किती ताकदवान ते बघत बसलो होतो, रूप घेतल्यावर हातातून काय काय जातं ते बघितलंच नाही. काल रात्री मांजरपाऊल ताईंचं ऐकून ओरिजिन्समध्ये शेपशिफ्टर घेतला. सध्या फक्त कोळी आहे. पहिल्याच लढाईत कोळी झालो, एकाला जाळ्यात अडकवलं, जाम खूश, आणि तेवढ्यात मागे माझा सोबती ॲलिस्टर मरायला टेकला. त्याला हील करायला परत माणूस होईपर्यंत तो गेला. मग खवीस भाऊ आठवले.

तरी लोड करून परत कोळीच झालो 😅

पण टेबलासाठी अजून अडलंय. काका, विझार्डचं पॉलिमॉर्फ सांगा ना, त्यातही स्पेल बंदच होतात मग ते का घ्यायचं?

---

डीएम_काका

कारण ते स्वतःवर टाकायचंच नसतं! नव्वद टक्के नवे लोक इथेच चुकतात (नव्वद हा आकडा माझा, रागाने आलेला).

चौथ्या लेव्हलचा स्पेल आहे, विझार्डला सातव्या लेव्हलला मिळतो आणि त्या वेळी त्या दर्जाचा स्लॉट (स्पेल टाकायची संधी) दिवसाला एकच असतो, त्यामुळे जपून. ज्याच्यावर टाकायचा त्याच्या लेव्हलएवढ्या सीआरपर्यंतचा कुठलाही प्राणी करता येतो. सातव्या लेव्हलला म्हणजे जायंट एप, महाकाय वानर, १५७ एचपी. तुझ्या फायटरचे असतील साठेक. दोन हातांच्या तलवारीने तो एका वारात सरासरी ११ काढत असेल तर वानराची एक बुक्की २२ ची, आणि अशा दोन. वर वानर पडलं की खाली फायटर जसाच्या तसा उभा, जिथे सोडला होता तितक्याच एचपीवर, उरलेलं डॅमेज सोडून.

म्हणून ज्याचे स्पेल महत्त्वाचे आहेत त्याला माकड करूच नये. ज्याचे एचपी संपत आलेत, जो आता पुढच्या फटक्याला जाणार, त्याला करावं. हा हल्ल्यापेक्षा जास्त जीव वाचवायचा स्पेल आहे असं मी म्हणेन. तू विझार्ड मागे खांबाआड उभा राहायचं आणि मार खायचा नाही, कारण कॉन्सन्ट्रेशन तुटलं की भर लढाईत वानराचा परत अर्धमेला फायटर होतो, आणि ते सगळ्यात वाईट जागी होतं, नेहमी.

शत्रूवरही चालतो. दोन धटिंगण असतील तर एकाला बेडूक करायचं (विझडम सेव्ह आहे, म्हणजे फासा टाकून तो वाचूही शकतो), दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून संपवायचं आणि मग बेडकाभोवती निवांत रिंगण करून उभं राहायचं. बेडकाला चुकून कोणी लाथ मारू नका एवढं सगळ्यांना बजावून ठेव. आमच्यात मारली होती.

एक भांडण मात्र आधीच मिटवून ठेवा, वानर झालेल्याची बुद्धी पण वानराचीच होते, इंटेलिजन्स ७. स्वभाव राहतो, अक्कल जाते. आता हा वानर ठरलेला प्लॅन आठवेल का, डाव्या दाराऐवजी उजवं फोडेल का, ह्यावर माझ्या टेबलावर अर्धा तास वाद झालाय. आणि कुठले नियम वापरताय तेही विचारून घे, २०२४ च्या नव्या पुस्तकात वाइल्ड शेपमध्ये जनावराचे एचपी मिळतच नाहीत, आपलेच राहतात आणि वर टेम्पररी (तात्पुरते जादा) एचपी, साध्या ड्रुइडला लेव्हलएवढे, मूनला तिप्पट. माझं दोन अस्वलांवालं गणित त्यात बाद. बदल्यात मून ड्रुइडला मूनबीम, क्युअर वूंड्स असे ठराविक स्पेल जनावर असतानाही टाकता येतात.

---

फासेफेकी

म्हणजे तेच झालं ना काका, एचपीचं पांघरूण काढलं आणि जादूगार परत दिला. मला तर हा सौदा आवडला.

---

डीएम_काका

मलाही आवडला, फक्त माझ्या मून ड्रुइडवाल्याला नाही. तो अजून तोंड फुगवून आहे.

---

खवीस_फुल्ल_माना

@अर्धवट चौदाव्या लेव्हलला दुसरी स्पेशलायझेशन मिळेल, तेव्हा तरी आर्केन वॉरियर घे बाबा. आणि अस्वलावर आल्यावर कळव कसं वाटतंय.

---

अर्धवट_जादूगार

घेतो भाऊ, चौदाव्याला तुमचंच ऐकतो.

टेबलासाठी विझार्ड पक्का. कॅम्पेन तिसऱ्या लेव्हलपासून आहे म्हणजे पॉलिमॉर्फ यायला वेळ आहे, तोवर साधी झोप-आग-ढाल करत बसेन. आमच्या फायटरवाल्या मित्राला आत्ताच विचारून ठेवलं की बाबा तुला पुढेमागे महाकाय वानर केलं तर चालेल का. तो म्हणाला वानर कर, बेडूक कर, काहीही कर, पण माझे फासे मीच टाकणार.